ठेवणीतली गाडी

गाडी काही महिने उभी करून ठेवायची असं एकदा ठरलं, आणि बाबांनी त्या कामाला असा काही हात घातला की भिंगरीला तोंड कुठे लपवावं ते कळेना.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून बाबांनी ठेवलं आणि चाळिशी उलटली तरी ते अंगाला चिकटून राहिलं. बाहेर तिला सगळे मॅडम म्हणायचे, कारण ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची. शिकवायच्या गाडीत तिच्या पायाशीही एक जास्तीचा ब्रेक होता, पण त्याच्यापेक्षा लोक तिच्या जिभेला जास्त भ्यायचे. ज्याला जमत नाही त्याला ती तोंडावर सांगायची, "अजून नाही. तुम्ही आता रस्त्यावर गेलात तर कुणाला तरी उडवाल." कुणाला राग आला, कुणी रडकुंडीला आलं, तरी तिच्या बोलण्यात फरक पडत नसे. भीड तिला माहीतच नव्हती.

घरी मात्र सगळीच उलटी तऱ्हा झाली.

बाबांनी आयुष्यभर शिलाई मशिनं दुरुस्त केली. दुकान बंद केलं त्यालाही बरीच वर्षं झाली होती, पण पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचं टेबल अजून मांडलेलं असे आणि आसपासच्या शिंपिणी आपली आजारी मशिनं घेऊन यायच्या. आई गेल्यावर भिंगरी बाबांकडे राहायला आली. नवरा दुसऱ्या गावी नोकरीला, सुट्टी मिळेल तसा येऊन-जाऊन. घरात दोघंच, आणि मागच्या शेडमध्ये बाबांची जुनी निळी गाडी. त्याच गाडीत बाबांनी तिला क्लच सोडायला शिकवलं होतं.

एका सकाळी दोघं बाजारातून परत येत होते. गाडी बाबा चालवत होते. कोपऱ्यावर एक शाळकरी मुलगी सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होती. भिंगरीला ती केव्हाची दिसत होती. बाबांनाही दिसत असणार, असं धरून ती गप्प बसली. मग तिच्या लक्षात आलं की बाबांचा पाय जरासुद्धा हललेला नाही. तिने सवयीने आपल्या पायाखालचा ब्रेक दाबला. तिथे ब्रेक कुठला? शेवटी तिने स्टिअरिंगलाच हात घातला. सायकलचं मागचं चाक बंपरला घासून गेलं. मुलगी नुसती पांढरीफटक झाली, तिला काही लागलं नाही.

"ही कुठून आली मध्येच?" बाबा म्हणाले. "आजकालची पोरं बघत नाहीत."

भिंगरीने खाली उतरून मुलीला पलीकडे पोचवलं आणि परत येऊन बसली. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिने तिथल्या तिथे त्याला खाली उतरवलं असतं.

डोळे तपासायला नेलं. बाबांच्या डोळ्यांत औषध घालून त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि डॉक्टरीणबाईंनी तिला आत बोलावलं. मोतीबिंदू आहे, त्याचं ऑपरेशन होईल, समोरचं लख्ख दिसेल. पण काचबिंदूने डोळ्यांच्या कडा खाऊन टाकल्या आहेत, आणि ते गेलेलं परत येत नसतं. "समोरचं दिसेल, बाजूचं नाही. गाडी कायमची बंद. तुम्ही सांगता की मी सांगू?"

"मी सांगते," भिंगरी म्हणाली. "घरी गेल्यावर नीट सांगते."

घरी गेल्यावर तिने सांगितलं ते असं: "बाबा, ऑपरेशन करायचंय. ते होऊन डोळा पूर्ण बरा होईपर्यंत सहा-आठ महिने तरी गाडी चालवायची नाही म्हणाल्या."

"एवढंच ना?" बाबा म्हणाले. "मग गाडी नीट ठेवली पाहिजे. नुसती उभी राहिली तर वाट लागते तिची."

आणि ते कामाला लागले. गाडी धुतली, आणि धुतल्यावर दोन दिवस उन्हात वाळवली, कारण ओली गाडी झाकायची म्हणजे गंजाला आमंत्रण. इंजिनातलं काळं तेल काढून नवं भरलं. पेट्रोलची टाकी गळ्यापर्यंत भरायला लावली.

"उभ्या गाडीत एवढं पेट्रोल कशाला?" भिंगरीने विचारलं.

"टाकी रिकामी राहिली की आत हवा राहते, हवेत दमटपणा असतो, तो पत्र्याला लागतो. भरलेल्या टाकीत दमटपणाला जागाच नाही." बाबा असे समजावून सांगत होते जणू भिंगरी पुन्हा दहा वर्षांची झाली होती.

मग बॅटरी सोडवून घरात आणली. उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरच्या तोंडात भांडी घासायच्या तारेचा चोथा कोंबला आणि तो काढायचा विसर पडू नये म्हणून स्टिअरिंगला लाल चिंधी बांधली. वायपर काचेला चिकटतात म्हणून त्यांच्याखाली पुठ्ठे सरकवले. झाकायला प्लास्टिक नको, ते घाम धरतं, असं म्हणून आईच्या जुन्या सुती चादरी जोडून त्यांनी स्वतः खोळ शिवली. मशीनवर शिवण सरळ पडली की वाकडी, ते बोटाने चाचपून बघत होते.

सगळ्यांत वेळ लागला तो ठोकळ्यांना. टायरवर महिनोन्महिने वजन राहिलं की टायर एका जागी बसतो, म्हणून गाडी जॅकने उचलून चार लाकडी ठोकळ्यांवर ठेवायची होती. बाबांनी ठोकळे तासून सारखे केले, त्यांच्या कडा घासल्या. भिंगरी खाली वाकून जॅक मारत होती आणि बाबा गुडघ्यांवर बसून ठोकळा सरकवत होते.

"हळू. अजून थोडी. बस्स." मग हात झटकत ते उठले. "आता खाली आणली की किल्ली फिरवायची आणि निघायचं. पहिल्या झटक्याला सुरू नाही झाली तर नाव बदलेन."

भिंगरीने जॅक पुसायच्या निमित्ताने तोंड फिरवलं. आजच सांगावं असं तिला वाटलं. पण बाबा इतके खुशीत होते की तिची जीभ रेटेना. ऑपरेशन होऊन जाऊ दे, मग सांगू, असं तिने स्वतःला समजावलं. ऑपरेशन झालं. मग डोळ्यांत थेंब घालायचे दिवस होते, तेव्हा मनस्ताप नको. मग ऑपरेशनचे ते थेंब संपले, रोजचे तेवढे राहिले.

ऑपरेशननंतर बाबांना समोरचं खरंच लख्ख दिसायला लागलं, फक्त अगदी जवळचं बारीक काही नीट दिसत नसे. भिंतीचा रंग किती मळलाय ते पहिल्यांदा कळलं म्हणाले. महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करायचे, खोळ उचलून गाडीवरून हात फिरवायचे आणि विचारायचे, "कधी उतरवायची गं?"

"थोडं थांबा. वाकायचं नाही सांगितलंय."

"कधी उतरवायची?"

"मला सुट्टी मिळू दे."

नवऱ्याला तिने फोनवर सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, "रोज चार जणांना तोंडावर नापास करतेस. घरातल्या एकाला कर की."

"ते चार जण माझे बाबा नसतात," भिंगरी म्हणाली आणि फोन ठेवला.

शेवटी एका शनिवारी बाबांनी स्वतःच जाहीर करून टाकलं. उद्या रविवार, उद्या गाडी चालू करून बघायची, आणि चालली की ठोकळ्यांवरून उतरवायची. भिंगरी हो म्हणाली. दुपारी बाबांचा डोळा लागला तेव्हा ती शेडमध्ये गेली. शिकवायच्या गाडीच्या डब्यात एक जळका फ्यूज पडून होता, तो तिने हातात घेतला होता. निळ्या गाडीत स्टिअरिंगच्या खाली फ्यूजची छोटी पेटी होती. त्यातला, टाकीतलं पेट्रोल इंजिनाला पोचवणाऱ्या पंपाचा चांगला फ्यूज तिने उपसून काढला आणि त्याच्या जागी जळका बसवला. दिसायला दोन्ही सारखेच. नखाएवढं रंगीत प्लास्टिक आणि आत केसासारखी तार. चांगल्यात ती सलग असते, जळक्यात तुटलेली. धडधाकट डोळ्यांनाही ती उजेडात धरून बघावी लागते.

तिचा हिशेब सोपा होता. गाडी चालू होणार नाही, बाबा दोन-चार दिवस खटपट करतील, कंटाळतील आणि आपणच म्हणतील, राहू दे आता. म्हणजे कुणीच कुणाला काही सांगायला नको. चांगला फ्यूज तिने पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकला.

रविवारी बाबांनी बॅटरी जोडली, सायलेन्सरमधला चोथा काढला, लाल चिंधी सोडून खिशात ठेवली आणि किल्ली फिरवली. इंजिन घरघर फिरलं, पण धरेना. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच.

"पंपाचा आवाज येत नाही," कान देऊन बाबा म्हणाले. ऐकण्यात त्यांना कुणी फसवू शकत नव्हतं. त्यांनी फ्यूजची पेटी उघडली. एकेक फ्यूज काढून उजेडात धरला, डोळे बारीक केले, लांब धरला, जवळ धरला. मग पंपाचा फ्यूज भिंगरीपुढे केला.

"तू बघ. तुझे डोळे चांगले. तार धड आहे ना?"

तुटलेली तार भिंगरीला स्पष्ट दिसत होती.

"धड आहे," ती म्हणाली.

बाबांनी फ्यूज परत जागेवर बसवला. जराही शंका घेतली नाही.

तिथून पुढचे दिवस भिंगरीच्या हिशेबात बसले नाहीत. बाबा कंटाळले नाहीत. रोज सकाळी चहा झाला की शेडमध्ये जायचे. पंपापर्यंतच्या वायरी हाताने चाचपत जायचे, एकेक जोड काढून घासून परत लावायचे. भिंगरी कामावरून येई तेव्हा ते पायरीवर बसलेले असत, नखांत काळं गेलेलं.

"मिस्त्रीला बोलवू का?" एकदा तिने विचारलं, आणि विचारताना ते हो म्हणतील अशी धास्तीही घेतली.

"नको. हसेल तो." थोड्या वेळाने म्हणाले, "टाकी भरून ठेवायचा हट्ट माझाच ना. पेट्रोल जुनं झालं असेल, पंप चिकटला असेल. तू म्हणाली होतीस, कशाला एवढं पेट्रोल. तुझंच बरोबर होतं."

"बाबा, असं होतंच. जुनी गाडी आहे."

"गाडी जुनी असली म्हणून काय झालं? मी ठेवली ना ती."

भिंगरीला जेवण जाईना. आता सांगितलं तर फ्यूजचंही सांगावं लागेल. डोळ्यांची एक गोष्ट सांगायला जिला महिने पुरले नाहीत, ती दोन कुठून सांगणार? गुपचूप चांगला फ्यूज लावून टाकावा, तर गाडी चालू होणार आणि बाबा रस्त्यावर जाणार. तिने आपल्या हाताने अशी गाठ मारून ठेवली होती की कुठल्याही बाजूने ओढली तरी बाबांनाच आवळणार.

मग एका संध्याकाळी ती घरी येत असताना कोपऱ्यावरची शिंपीण फाटकाशी भेटली. हातात मशीनचं डोकं, कापडात गुंडाळलेलं, जड.

"बाबा बरे आहेत ना?" तिने विचारलं. "टाका सुटतोय म्हणून आणलं होतं. तर म्हणाले दुसरीकडे ने. बघितलंसुद्धा नाही गं. म्हणाले, आता माझ्या हातून नीट होत नाही."

भिंगरी आत गेली. बाबा टेबलाशी बसले होते. बारके पेचकस, चिमटे, सुयांच्या डब्या, तेलाची बुधली, सगळं टेबलावर मांडलं होतं आणि एकेक वस्तू तेलकट फडक्याने पुसून ते एका पेटीत ठेवत होते.

"हे काय करताय?"

"ठेवतोय. गंज चढायला नको. कुणाला तरी कामाला येतील." बाबांचा आवाज अगदी साधा होता. "मला आता कशाचाच अंदाज येत नाही बघ. एक गाडी नीट ठेवता आली नाही. लोकांच्या पोटापाण्याची मशिनं कशाला बिघडवू?"

भिंगरी समोरच्या स्टुलावर बसली. पर्स तिने मांडीवर घेतली.

"बाबा, गाडीत काही बिघडलेलं नाही."

"आवाज येत नाही पंपाचा."

"त्याचा फ्यूज जळका आहे. तो मी बसवला."

बाबांच्या हातातलं फडकं थांबलं. "जळका कसा असेल? मी बघितला. तूसुद्धा बघितलास."

"तुम्हाला त्यातली तार दिसणार नाही, हे मला माहीत होतं."

मग तिने सगळं सांगितलं. सायकलवाल्या मुलीपासून सुरुवात केली, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगितलं, बाजूचं दिसणं परत येणार नाही हे सांगितलं. मधेच थांबली नाही, थांबली असती तर पुन्हा सुरू झालीच नसती. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"मी ठोकळे तासत होतो, तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि जॅक मारत होतीस."

"हो, बाबा."

ते उठले. "चांगला फ्यूज कुठाय?"

तिने पर्समधून काढून दिला. बाबा शेडमध्ये गेले, ती मागोमाग. त्यांनी दिवा लावला, बोटांनी चाचपत जळका फ्यूज उपसला, चांगला बसवला, आत बसले आणि किल्ली फिरवली. मागून पंपाचा बारीक गुंजारव आला, आणि पहिल्या झटक्याला इंजिन सुरू झालं. चाकं हवेतच. बाबा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ऐकत राहिले. आवाज एकसारखा होता, कुठे अडखळ नाही. मग त्यांनी किल्ली बंद केली.

"डोळ्यांचं मी सोसलं असतं," ते समोरच्या काचेकडे बघत म्हणाले. "तुझ्यावर ओरडलो असतो, आठवडाभर जेवलो नसतो, पण सोसलं असतं. तू माझ्या हातांवरून माझा विश्वास उडवलास. रोज इथे येऊन मी स्वतःला शिव्या घालत होतो, आणि तू चहा आणून देत होतीस."

भिंगरीला माफी मागायची होती. शब्द तोंडात आले, पण तिला ते फार हलके वाटले. ती दाराशी उभी राहिली. बाबा तिला ओलांडून घरात गेले.

पुढे कित्येक दिवस घरात कामापुरतं बोलणं. मीठ दे, दार लाव. नवरा सुट्टीला आला, त्याने दोघांची तोंडं बघितली आणि न सांगता भांडी घासायला घेतली. रात्री तिला म्हणाला, "गप्प आहेत म्हणून तुला वाईट वाटतंय. ओरडले असते तर तुझं बरं झालं असतं. तेवढी सूट ते देणार नाहीत."

मग बाबा एकदा म्हणाले, "मला डॉक्टरकडे ने." तिने नेलं. आत जाताना ते दारात थांबले. "तू बाहेर बस."

ती बाकावर बसली. बराच वेळ लागला. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "बाई म्हणाल्या, त्या सांगणार होत्या. तूच म्हणालीस मी सांगते." त्यात राग नव्हता. दोन हिशेब जुळवून बघावेत तसं बोलले ते.

त्याच आठवड्यात त्यांनी गाडी ठोकळ्यांवरून उतरवून घेतली. जॅक भिंगरीनेच मारला. "वापरात ठेव," म्हणाले. "माझ्यासाठी झाकून ठेवायची गरज नाही." आता ती कामावरून आल्यावर कधी त्यांना बाजारात घेऊन जाते, आणि ते बाजूच्या सीटवर बसतात. पूर्वी ते तिच्या क्लचवर, वळणावर, हॉर्नवर सारखे काही ना काही बोलायचे. आता बोलत नाहीत. त्यांनी एखादी तरी चूक काढावी म्हणून एकदा तिने मुद्दाम गिअर कडकड वाजवला. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले.

शिंपिणीचं मशीन मात्र त्यांनी निरोप पाठवून परत मागवलं आणि दुरुस्त केलं. पेटीतली हत्यारं पुन्हा टेबलावर आली. काम आता ते बोटांनी करतात, आणि जिथे डोळे लागतातच तिथे थांबतात. मशीनची मालकीण येईपर्यंत थांबतात आणि तिला विचारतात, "या चाकाचा दात झिजलाय का बघ गं." भिंगरी दोन हात अंतरावर बसलेली असते. तिला ते विचारत नाहीत. पहिल्यांदा असं झालं तेव्हा ती उठून आत गेली. आता जात नाही, बसून राहते.

डोळ्यांतले काचबिंदूचे थेंब कायमचे लागले आहेत. परवा सकाळी बाबांनी बाटली तिच्यापुढे धरली. "किती राहिलंय बघ. दुसरी आणायला हवी का?"

भिंगरीने बाटली उजेडात धरली आणि नीट बघितली. "अर्धी आहे, बाबा. आठवडा जाईल."

त्यांनी बाटली परत घेतली, कानाशी नेली आणि दोनदा हलवून ऐकली. मग मान हलवून खिशात टाकली.